पाणमांजराचा आवाज

लिएपायाच्या वाचनालयात शनिवारी सकाळी
घडीच्या खुर्च्या मांडून
जुनी रिळं धुऊनपुसून दाखवताहेत.
मदारा मांडीवर बसत नाही आता,
सहा वर्षांची आहे, तिला स्वतःची खुर्ची लागते.

पडद्यावर नदी. म्हणजे निळी लोकर,
खालून कुणीतरी ओढत असलेली.
होडीत उभा तो, तपकिरी, सुताचा,
एक कान घाईत शिवलेला:
ब्रूनिस पाणमांजर, पैलतीरी नेणारा.
चाळीस वर्षांनी बघतेय त्याला
आणि माझे हात आपसूक मांड्यांखाली गेले,
तेव्हा जायचे तसेच. तेव्हा खोली गार असायची.

आमच्या टीव्हीला चित्र होतं, आवाज नव्हता.
खालच्या दुरुस्तीवाल्याने हात टेकलेले.
म्हणून बाबा बोलायचे. ट्रॉलरवरून आलेले,
अंगाला डिझेल आणि हेरिंगचा वास,
अंगठा मोज्यातून बाहेर,
आणि एकटेच सगळ्यांचे आवाज काढायचे.
बगळी नाकातून, बेडूक पोटातून,
ब्रूनिस मात्र स्वतःच्याच आवाजात.

"ज्याच्याकडे भाड्याचा मासा नाही
त्याला आधी बसवायचं.
भांडायचं असेल तर काठावर भांडा,
मधोमध गेल्यावर सगळ्यांचं वजन सारखं."
आणि शेवटी वल्हं उचलून, दर वेळी:
"मोजून घ्या रे. कुणी मागे राहिलं का?"

मी यावर वाढले. खरंच सांगते.
सत्तावीस वर्षं ट्राम चालवतेय या गावात.
शेवटच्या थांब्यावर आरशात बघून मोजते.
बिनतिकिटाचं पोरगं चढलं
की मला समोरची काच पुसायची असते.

आज आवाज आहे.
स्वच्छ, टणक, कारखान्याच्या भोंग्यासारखा.
ब्रूनिस म्हणतो, "रांगेत या! भाडं सुटं ठेवा!
उशीर करणाऱ्यासाठी नदी थांबत नसते!"
जिला बाबांनी विधवा केलं होतं
ती बगळी निघाली हिशेबनीस.
बेडूक रडत नव्हताच कधी,
पाढे म्हणत होता.
शेवटी वल्हं उचलून ब्रूनिस
घड्याळाकडे बघतो. "वेळेवर पोचलो." संपलं.

मागे कोण राहिलं, कुणी विचारत नाही.

आधी हसू आलं. मग घशात काटा.
कारण ते वाक्य ज्याने पदरचं घातलं
तोच एका ऑक्टोबरात मुर्मान्स्कला गेला.
पैसे यायचे. तो यायचा नाही.
आई पाकीट चाकूने उघडायची,
मासा चिरावा तसं, पोटाकडून.
एकदा तिनेही बोलून बघितलं टीव्हीपुढे.
बेडूक जमला तिला.
ब्रूनिसचं तोंड हललं, तशी उठली
आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

इतकी वर्षं मी समजत होते,
पाणमांजराने शिकवलं आणि बापाने मोडलं.
आणि इथे हा सुताचा गोळा
नुसता भाडं मागतोय.
शिकवलं बापानेच. मोडलंही त्यानेच.
एकाच माणसाला दोन्ही जमतं,
हे कुठल्याच भागात नव्हतं.

"सात आठे चोपन्न," म्हणतो बेडूक.
"छप्पन!" मदारा उभी राहून ओरडते,
अख्खा हॉल हसतो, ती लाल होते,
पण बसत नाही खाली.
तिला जे मिळायचं ते मिळालं.
मी मध्ये तोंड घालत नाही.

दिवे लागतात. कोट, टोप्या, एक हरवलेला हातमोजा.
बाहेर समुद्राचा वारा दार आपटतोय.
"आज्जी, चल ना."
मी पायाने दार अडवून धरते.
पुढच्या रांगेत एक मुलगा
अजून बुटाच्या नाडीशी झटतोय.
"थांब," मी म्हणते, "एक जण आहे."